साठ मैल आणि सहा बाटल्या

माणसं काशीला जातात ती गंगेचं पाणी घेऊन परततात. मी अडुसष्ट सालच्या जानेवारीत वऱ्हाडात गेलो आणि तिथल्या सायकलस्वारांची लघवी तपासून परत आलो. हे वाक्य आज मी सहज लिहिलं. तेव्हा त्यातला एक शब्द लिहायला मला चार दिवस लागले, आणि तेवढ्यात एका भल्या माणसाचं नाव मातीत जायची वेळ आली होती. तिकडे न गेलेल्यांसाठी म्हणून हे लिहितो आहे, पण खरं तर लिहून टाकल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

मी पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. परदेशात सायकलशर्यतीत गोळ्या खाऊन धावायची लाट आली होती. आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी विद्यार्थी ज्या गोळ्या घेतात, त्याच जातीच्या. त्या घेतल्या की थकवा कळत नाही, आणि थकवा कळला नाही की माणूस थांबत नाही. तिकडे काही जण असे रस्त्यातच कोसळले. म्हणून खेळाडूंची लघवी तपासायला नुकती सुरुवात झाली होती. त्यावर मी एका मासिकात लेख लिहिला. सहा पानांच्या लेखात मी त्या पदार्थाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘नमुना’ म्हटलं होतं.

तो लेख अमरावतीच्या एका वकिलांनी वाचला. अमरावती ते अकोला या साठ मैलांच्या सायकलशर्यतीच्या समितीचे ते अध्यक्ष. त्यांचं पत्र आलं: ‘लेख वाचला. आम्हाला हेच करायचं आहे. बाटल्या घेऊन या.’

बायकोनं विचारलं, “कुणी विचारलं तर काय सांगू, कशासाठी गेलेत?”

“व्याख्यानाला,” मी म्हणालो आणि नव्या कोऱ्या, बुचाच्या बारा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत भरल्या.

शुक्रवार, अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अमरावतीत उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती. वकीलसाहेब स्वतः टांगा घेऊन स्टेशनवर हजर. सहा फूट उंच, काळा कोट, आणि आवाज असा की टांग्याचं घोडं कान मागे टाकून चालत होतं. राजापेठेतल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी माझं वय, पगार, गोत्र आणि पोटाच्या तक्रारी एवढं सगळं विचारून घेतलं. पुण्यात एवढी माहिती काढायला माणसाला दोन वर्षं तरी शेजारी राहावं लागतं.

आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारतात. इथे विचारण्याची पद्धतच नाही. पाट मांडला होता, ताट वाढलेलं होतं. पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या, त्यावर लालभडक तर्री. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“तिखट लागून राह्यलं का भाऊजी?” वकिलांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी विचारलं.

“छे छे,” मी म्हणालो. पुण्याचा माणूस, खरं कसं सांगणार! त्यांनी आनंदानं आणखी एक पळी वाढली.

माझा दुसरा आडपडदा मात्र महागात पडला. दुपारी ट्रंक उघडून बाटल्या मोजत बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, “कायच्या बाटल्या आणल्या?” मी म्हणालो, “नमुन्याच्या.” त्या बरं म्हणून आत गेल्या. मी झोपून उठतो तो दोन बाटल्यांत लिंबाचं लोणचं काठोकाठ भरलेलं, वर तेलाचा थर!

“कोऱ्या बाटल्या दिसल्या. म्हटलं, पुण्याले लोणचं न्याले आणल्या असतीन.”

वकीलसाहेब पोट धरून हसले. “अवं, त्याच्यात मूत भराचं हाय! सायकलवाल्यायचं!”

मला वाटलं, आता जमीन दुभंगेल. काही झालं नाही. वहिनींनी कपाळाला हात लावला. “मंग तसं सांगाव नाई का भाऊजी? बोलाले काय पैसे पडतेत? माह्यं दोन बाटल्या लोणचं गेलं ना!”

लोणचं गेलं नाही, ते पुण्याला आलं. पण माझ्या बाटल्या दहा उरल्या.

शनिवार, राजापेठ

एवढी तपासणीची घाई का, ते वकीलसाहेबांनी सकाळी चहाबरोबर सांगितलं. अंजनगाव सुर्जीचा वासुदेव नावाचा एक तरुण दोन वर्षं ही शर्यत जिंकतो आहे. घरचे पानमळे. विड्याची पानं कोमेजायच्या आत अमरावतीच्या बाजारात पोचवायची म्हणून तो रोज पहाटे पानांची करंडी मागे बांधून साध्या सायकलवर तीसबत्तीस मैल मारतो. या वेळी जिंकणाऱ्याला राज्याच्या संघाच्या निवडीसाठी मुंबईला पाठवायचं ठरलं होतं. आणि नेमकी या वेळीच समितीकडे तक्रार आली. शर्यतीत वासुदेवच्या गालात सदान्‌कदा विडा असतो, त्या विड्यात गोळी असते, असं अकोल्याच्या सायकलक्लबाचं म्हणणं.

“म्या म्हटलं, भांडू नका, पुण्याहून प्रोफेसर बलावतो,” वकीलसाहेब म्हणाले. “आता त्या पोट्ट्याचं नाव राह्यते का जाते, ते तुमच्या बाटलीवर हाय.”

संध्याकाळी आम्ही त्याला भेटायला गेलो. तो करीमचाचांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात होता. चाचा त्याचे वस्ताद. साठीचे, हडकुळे, पांढरी दाढी. दुकान म्हणजे एक टपरी आणि तीत छताला टांगलेली चाकं. चाचा वासुदेवच्या सायकलच्या तारा एकेक करून बोटानं छेडत होते आणि कान लावून ऐकत होते. कुठली ढिली ते त्यांना आवाजावरून कळत होतं. मधेच त्यांना ढास लागली. छाती भात्यासारखी वाजायला लागली. त्यांनी खिशातून लहानशी डबी काढून काहीतरी तोंडात टाकलं, पाणी प्यायले आणि पुन्हा तारा छेडायला लागले.

वासुदेव बावीस-तेवीसचा. पोटऱ्या गोल, चेहरा लाजरा. मी त्याला प्रश्न विचारले. काही दुखणं? कसली औषधं? परीक्षा-जागरणाच्या गोळ्या?

“औषध कायचं जी,” तो म्हणाला. “पान खातो. तोंड कोल्लं पडत नाई.”

मग मी दोघांना पद्धत समजावून सांगितली. पहिले तीन जण ‘नमुना’ देतील. एका भांड्यातून दोन बाटल्यांत ओतायचा. एक मी तपासणार, दुसरी लाखेनं बंद करून ठेवायची, म्हणजे कुणी वाद घातला तर ती फोडता येते. बाटलीवर नाव नाही, फक्त आकडा. म्हणजे तपासणाऱ्याला कुणाचं काय ते कळत नाही. आणि हे सारं पंचाच्या डोळ्यांदेखत.

“पंच कौन?” चाचांनी विचारलं.

“मी.”

“आन् साब, बाटलीत जाते ते... आदमी का ही मंगता ना?”

“अर्थात.”

“तं मंग काय मोठी गोठ हाय!” चाचा म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

रविवार, अमरावती ते अकोला

सकाळी थंडी मी म्हणत होती. बावीस सायकली सुटल्या. मी आणि वकीलसाहेब पुढच्या जीपमध्ये, मांडीवर बाटल्यांची पेटी. बडनेरा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंनी काळी जमीन उघडी झाली. वेचणी उरकत आलेली कपाशी, बांधांवर बाभळी, मधेच हिरवागार गहू. कोकणातल्या-मावळातल्या डोंगरांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना टेकायला काही मिळेना. एवढं आभाळ मी याआधी एका वेळी पाहिलं नव्हतं.

मूर्तिजापूरपर्यंत वासुदेव सातवा-आठवा होता. बोरगाव मंजूनंतर मी मागे वळून पाहिलं तर पुढे दोघंच. अकोल्याच्या क्लबाचा एक उंच गडी, मान खाली घालून, दात ओठ खात चाललेला, आणि त्याच्या शेजारी आमचा वासुदेव, गाल फुगलेला, विडा चघळत, जणू पानांची करंडी पोचवायला निघालाय. अकोल्याच्या वेशीवर त्यानं रस्त्याच्या कडेला एक लाल पिंक टाकली आणि निघाला तो निघालाच. मैदानात तो पोचला तेव्हा दुसरा शंभर पावलं मागे होता. मी जीपमध्ये उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग आठवलं, आपण पंच आहोत. खाली बसलो.

मैदानाच्या भिंतीच्या कोपऱ्यात दोन चादरी बांधून आडोसा केला होता. तिथे कळलं, की लाखेवर उठवायची पितळी मोहोर मी पुण्यातच विसरलोय. शेवटी माझ्या घराच्या कुलपाची किल्ली लाखेत दाबायची ठरली. अशी दुसरी किल्ली अकोल्यात तरी कुणाकडे नव्हती.

दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवाल्यांचं काम पाच मिनिटांत झालं. वासुदेव आडोशात गेला आणि तसाच बाहेर आला. साठ मैल घाम गाळलेला माणूस, अंगात पाणी उरलंच नव्हतं. त्याला माठातलं पाणी पाजलं. उसाचा रस पाजला. चहा पाजला. पुन्हा आत गेला. मी त्याच्यासमोर स्टुलावर. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दोघांचे कान लाल.

“येऊन नाई राह्यली जी,” तो रडवेला होऊन म्हणाला.

बाहेर शेतातल्यासारखा गोवऱ्यांचा जाळ करून रोडगे भाजले होते. कणकेचे जाड गोळे, आत पदर सुटलेले, त्यावर तूप आणि वांग्याची भाजी. त्याचा वास चादरीतून आत येत होता. शंभर माणसं आमच्यासाठी जेवायची थांबली होती. इकडे पाहुण्याआधी पंगत बसत नाही. तास झाला, दीड तास झाला. चाचा तांब्या घेऊन आत आले. मला त्या बिचाऱ्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच तिथे बसवेना. एका मोठ्या माणसाच्या त्या कामाकडे टक लावून बघत बसायचं म्हणजे काय! मी स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

थोड्या वेळानं चाचांचा आवाज आला, “हो गया साब!” भांडं भरलेलं, कोमट. मी घाईघाईनं दोन बाटल्यांत ओतलं, किल्लीचा शिक्का मारला. वकीलसाहेबांनी छापून आणलेल्या कागदावर लिहिलं होतं: ‘सदर लघवी माझ्या समक्ष घेतली.’ मी खाली सही केली. मग सहा रोडगे खाल्ले. तसे रोडगे मी पुन्हा कधी खाल्लेले नाहीत.

सोमवार, अकोला

तपासणी अकोल्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत केली. तिथल्या प्राध्यापकांनी माझे आकडे पुसून स्वतःचे घातले, म्हणजे मलाही कुणाची कुठली ते कळू नये. काम दिसायला सोपं आहे. शाईचा ठिपका टिपकागदावर टाकून कागदाची कड पाण्यात धरली, की पाणी वर चढतं आणि शाईतले रंग आपापल्या उंचीवर थांबतात. तसंच हे. लघवीतून औषधाचा अंश वेगळा काढायचा, त्याचा ठिपका पट्टीवर द्यायचा, शेजारी ओळखीच्या औषधांचे ठिपके द्यायचे, आणि द्रव वर चढू द्यायचा. मग वरून रसायन फवारलं की दडलेले ठिपके जांभळे होऊन उमटतात. कोण कुणाच्या उंचीला थांबला ते बघायचं.

दोन पट्ट्या कोऱ्या निघाल्या. तिसरीवर ठिपका उमटला. शेजारच्या एफेड्रीनच्या ठिपक्याच्या बरोबर उंचीला. हे औषध दम्याचं, पण उत्तेजकही. प्राध्यापकांनी वही उघडून आकडा पाहिला.

वासुदेव.

काल मी त्याच्यासाठीच टाळ्या वाजवल्या होत्या. दुसरी बाटली फोडली. तिचंही तेच.

वासुदेव आणि चाचा बाहेर पायरीवर बसून होते. वकीलसाहेबांनी आडवळण न घेता सांगितलं, “वासुदेव, तुह्या मुतात औषध निघालं.”

तो उठून उभा राहिला. “पानात कात हाय, चुना हाय, सुपारी हाय. अन् काई नाई जी.” मग माझ्याकडे वळला. “आता माह्या मळ्याचं पान कोन घेईन? म्हनतीन, गोळीवाल्याचं पान हाय. बापाले काय सांगू?”

मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. मी पुन्हा भिंत शोधायला लागलो, आणि तेवढ्यात शेजारी तो भाता वाजायला लागला. चाचांना ढास लागली होती, परवापेक्षा वाईट. त्यांनी खिशातून डबी काढली आणि गोळी तोंडात टाकली.

“चाचा, बघू ती डबी,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी दिलेल्या दम्याच्या गोळ्या. एफेड्रीन. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. श्वास जागेवर आल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साब, वो बाटली तं म्या भरली.”

वकीलसाहेब ओरडले, “काहून?”

“पोट्ट्याले होऊन नाई राह्यलं होतं. साब सुबह से भूके. लोकं उपाशी, रोडगे थंडे होऊन राह्यले होते. म्या सोचा, आदमी का ही मंगता, साबनं सोताच सांगलं होतं. मी बी तं आदमीच हाव ना? म्हटलं, मदत करावं.” मग एकदम त्यांना काय झालं ते कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी वासुदेवचा चेहरा धरला. “तुले काय मालूम नाई, बेटा. तुले तं म्या रस प्याले चादरीच्या तिकडं धाडलं होतं.”

वासुदेवला खरंच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं होतं, चाचांनी साहेबांना सांगून सुटका करून घेतली; आणि ‘औषध निघालं’ ऐकल्यावर, आपण दिलंच नव्हतं हे सांगायचंही त्याला सुचलं नव्हतं.

मला एकदम हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण वकीलसाहेब आता चाचांकडे बघत नव्हते. त्यांनी कोटाच्या खिशातून कालचा कागद काढला, माझी सही वाचली आणि विचारलं, “प्रोफेसर, बाटली भरली तवा तुमी कुठं होते?”

“तिथेच.”

“पाहून राह्यले होते?”

“भिंतीकडे,” मी म्हणालो.

“मंग समक्ष काहून लिहिलं?”

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चाचांनी केली ती मदत होती, अडाणी असेल. मी केली ती खोटी सही होती, आणि मी शिकलेला होतो. तिथल्या तिथे मी त्याच कागदावर सहीखाली लिहून दिलं: ‘वरील विधान खोटे आहे. लघवी देतेवेळी मी पाठ फिरवली होती. दोष खेळाडूचा नाही, माझा आहे.’ ‘लघवी’ हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला.

मग मी सांगितलं, की काल सकाळी कसली गोळी घेतली असती तर चोवीस तासांत सगळी धुऊन जात नाही, फिका का होईना ठिपका आजही उमटेल. आत्ताच पुन्हा घेऊ. आणि तक्रार केलेल्या क्लबाच्या माणसालाही बोलावू. शिल्लक बाटल्या चार होत्या. दोन वासुदेवच्या.

“अन् दोन माह्या,” चाचा म्हणाले. “माहा ठिपका बी तेवढाच चढते का ते पाहून घ्या साब. गवाही पक्की होईन.”

चाचांचं एका मिनिटात झालं. वासुदेवची पुन्हा तीच पंचाईत. समोर मी स्टुलावर, शेजारी वकीलसाहेब हाताची घडी घालून, तिसरा अकोल्याच्या क्लबाचा सेक्रेटरी चष्मा पुसून तयार. इतक्या सभ्य गृहस्थांसमोर कुणाला होणार! अर्ध्या तासानं चाचांनी बाहेरून दोन तांबे आणले आणि दाराशी बसून या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात ओतायला लागले. बारीक धार धरून, सावकाश, तारा छेडायचे तसं कान देऊन. मी डोळे जराही हलवले नाहीत. शेवटी सेक्रेटरीच पुटपुटला, “मलेच लागली आता,” आणि वासुदेवला हसू फुटलं. हसता हसता काम झालं.

दुपारी पट्ट्या वाळल्या. चाचांचा ठिपका सकाळच्या ठिपक्याच्या जोडीला जाऊन बसला. वासुदेवची पट्टी धुतल्या धोतरासारखी कोरी. सेक्रेटरीनं ती उजेडात धरून तीनदा पाहिली. मग निकालाचा कागद ओढला आणि माझ्या आधी सही केली.

मंगळवार, अकोला स्टेशन

वकीलसाहेबांनी मला जाताना मिठी मारली, पण पुढच्या वर्षी या असं म्हणाले नाहीत. वकील माणूस, खोटं बोलेल कसा!

गाडी सुटायच्या आधी वासुदेव आणि चाचा धावत आले. हातात केळीच्या पानात बांधलेले विडे. मी खिडकीशी बसलो होतो, पायाशी लोणच्याच्या दोन बाटल्या. चाचांनी खिडकीतून हात घालून माझा हात दाबला. “साब, गलती माफ.” मी म्हणालो, “चाचा, तुमची कसली? माझीच.” ते मान हलवत राहिले.

वासुदेव मुंबईला जाणार होता. तो आनंदात होता, तरी काहीतरी सलत असल्यासारखा उभा होता. गार्डानं शिट्टी दिली तेव्हा त्यानं विचारलंच.

“सर, राग मानू नका. त्या दिवशी तुमी भिंतीकडे काहून पाहून राह्यले होते?”

“लाज वाटली रे,” मी म्हणालो.

गाडी हलली. तो दोन पावलं बरोबर चालला. रागानं नाही, अगदी साधेपणानं, हिशोब समजून घेतल्यासारखं म्हणाला, “हे पाहा ना सर. लाजले तुमी, अन् नाव गेलं असतं माह्यं.”